हप्ता वेळेवर जातोय, पण कुठून जातोय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या चौतीस वर्षांच्या ताई. चार वर्षांपूर्वी घरीच कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकायला सुरुवात केली. नवरा टेम्पोवर ड्रायव्हर, महिन्याला चौदा हजार घरी आणतो. पाच बायकांच्या गटातून एका मायक्रोफायनान्स कंपनीचं आधी ३० हजारांचं कर्ज घेतलं, ते फेडलं. आता ५० हजारांचं चालू आहे, २४ पैकी १४ हप्ते गेले, एकही चुकला नाही. वसुलीचे सर म्हणतात, "तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे, जुनं मिटवून ८० हजारांचं नवीन करून देतो." ताईंना ४८ हजारांचं भाकरीचं मशीन घ्यायचं आहे. तेवढ्यात थोरल्या जावेने गळ घातली, "काढतेच आहेस तर चाळीस मला दे, निम्मा हप्ता मी भरीन." गटातली एक बाई गाव सोडून गेली, तिचा हप्ता बाकीच्या चौघी भरतात. गेल्या महिन्यात तिच्यापायी चौघींना रात्री आठपर्यंत बसवून ठेवलं. सासूबाई म्हणतात, कर्जाचं नावच नको. ताई विचारतात, "धंदा चांगला चाललाय, रोज हजाराचा गल्ला होतो. मग मोठं कर्ज घ्यायला काय हरकत? आणि जावेला नाही म्हटलं तर एका घरात राहायचं कसं?"

---

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. सगळे आकडे तुम्ही दिलेत, ज्वारीचा भावसुद्धा. असं पत्र क्वचित येतं. मी बँकेच्या काउंटरमागे बरीच वर्षं काढली आहेत. माझ्यासमोर बसून लोक कर्जाबद्दल तासभर बोलायचे आणि धंद्याचा एक आकडा सांगायचे नाहीत. तुम्ही सांगितलेत, म्हणून मलाही नेमकं बोलता येईल.

पहिल्यांदा तो हजाराचा गल्ला पाहू. तुम्ही रोज १५० भाकरी दुकानदाराला सात रुपयांनी देता, म्हणजे १,०५० रुपये. दहा किलो ज्वारीचे ४२०, दळणाचे ५०, गॅसचे ११०, पिशव्या आणि लेबलचे ४०, मदतीला येणाऱ्या मावशींचे २३०. बेरीज झाली ८५०. उरले २००. महिन्यात २६ दिवस काम धरलं तर ५,२००. ही तुमची पहाटे साडेचारपासूनची मजुरी, आणि हाच तुमचा नफा. त्यातून २,६४४ चा हप्ता जातो. गेलेल्या बाईचा हप्ताही तुमच्याएवढाच असेल, तर तुमच्या वाट्याचे ६६० त्यात धरा. मागे राहतात जेमतेम एकोणीसशे रुपये. तेही दुकानदाराने पैसे वेळेवर दिले तर. तुम्हीच लिहिलंय की तो पंधरा-पंधरा दिवस थांबवतो आणि पावसाळ्यात सादळलेल्या भाकरीची पाकिटं परत करतो.

मग ज्या महिन्यात पाकिटं परत आली, त्या महिन्याचा हप्ता कुठून गेला? पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय, "ह्यांच्या पगारातून भागवलं." माझ्या मते सगळ्या पत्रात महत्त्वाचं वाक्य हेच आहे.

तुम्ही धरून चालला आहात की हप्ता चुकत नाही म्हणजे धंदा चांगला चाललाय. सरांचाही तोच हिशोब आहे. पण लोन कार्डावरच्या सहीला पैसा भाकरीतून आला की टेम्पोच्या पगारातून आला, हे कळत नाही. 'चांगलं रेकॉर्ड' हे तुमच्या प्रामाणिकपणाचं रेकॉर्ड आहे, धंद्याच्या ताकदीचं नाही. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही, म्हणूनच काळजी वाटते. तुमच्यासारखी बाई एक वेळ उपाशी राहील पण हप्ता चुकवणार नाही, हे कर्ज देणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं.

आता ते ८० हजार. ऐकायला मोठी रक्कम आहे. पण 'जुनं मिटवून नवीन' याचा अर्थ काय? तुमच्या कार्डावर २४ टक्के व्याज आहे. १४ हप्ते गेल्यावर जुन्या कर्जातले अजून सुमारे २३,७०० बाकी आहेत, ते आधी कापले जातील. वर प्रोसेसिंग फी आणि विम्याचे पैसे. तुमच्या हातात पडतील पंचावन्न हजारांच्या आसपास. त्यातले चाळीस जावेला दिलेत की उरले पंधरा हजार. मशीन ४८ हजारांचं. म्हणजे ज्या मशीनसाठी हा सगळा खटाटोप, ते येणारच नाही. आणि हप्ता होईल ४,२३०, तोही आजपासून पुन्हा दोन वर्षं. आत्ता आहे त्याच रस्त्याने गेलात तर दहा महिन्यांत मोकळ्या होणार आहात.

एका महिन्यात जावेला जमलं नाही, तर ५,२०० मधून ४,२३० वजा. हजार रुपयेसुद्धा उरत नाहीत.

सगळी कर्जं वाईट असं मी म्हणत नाही, सासूबाईंच्या बाजूनेही मी नाही. त्यांच्या पिढीने सावकार पाहिला, त्यांची भीती खरी आहे. पण तुमच्या पहिल्या ३० हजारांनी शेगडी आली, पातेली आली, धंदा उभा राहिला. ते कर्ज योग्यच होतं. शेजारच्या बांगलादेशात १९७६ साली जोब्रा गावात अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून अवघे २७ डॉलर दिले, त्यातून पुढे ग्रामीण बँक उभी राहिली. बांबूची स्टुलं विणणाऱ्या बाईला कच्चा माल स्वतःच्या पैशाने घेता आला तर विणलेला माल व्यापाऱ्याला पडत्या भावात द्यावा लागत नाही, एवढी साधी ती गोष्ट होती. पण पुढे हैदराबादच्या वस्त्यांमध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं, तेव्हा दिसलं की ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी या कर्जातून तो वाढवला, पण सगळ्या वस्तीचं राहणीमान काही उंचावलं नाही. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. चालत्या धंद्याला कर्ज हात देतं. धंद्यात नेमकं काय अडतंय हे मात्र ज्याचं त्यानेच शोधायचं असतं.

तुमचं काय अडतंय? तुम्हाला वाटतं मशीन नाही म्हणून अडलंय. मला तसं वाटत नाही. मशीन आलं की दिवसाला ४०० भाकरी होतील, मान्य. पण त्या घेणार कोण? एकच दुकानदार, तोही उधारीवर, तोही पावसाळ्यात माल परत करणारा. आज तुमच्या भाकरीला भाव आहे तो हाताने थापलेली म्हणून. मशीनच्या भाकरीला तो तेवढाच भाव देईल का, हे त्याला विचारलंत? मशीन घेण्याआधी दुसरं आणि तिसरं गिऱ्हाईक हवं: एखादी खानावळ, हायवेवरचा एखादा ढाबा, एस.टी. स्टँडजवळचं दुकान. आधी ऑर्डर, मग मशीन.

आणि चटणी! तिचा हिशोब तुम्ही दिलाच नाही, फक्त "चटणी पण जाते" एवढं लिहिलंत. शेंगा चटणी सादळत नाही, महिनाभर टिकते, मशीन मागत नाही आणि सोलापूरबाहेर पुण्या-मुंबईच्या लोकांना तीच हवी असते. माझा अंदाज आहे की तुम्हाला खरे पैसे चटणीत सुटत असतील आणि तुमचे कष्ट मात्र भाकरीत जात असतील. अंदाज चुकीचाही असेल. म्हणून एक काम करा: एक साधी वही घ्या, पानाच्या मधोमध रेघ ओढा, एका बाजूला भाकरी, एका बाजूला चटणी. चार आठवडे आलं-गेलं लिहा. मुलीला लिहायला बसवलंत तरी चालेल. तुमच्या शेजारच्या माण तालुक्यात म्हसवडला १९९७ साली बायकांची माणदेशी महिला बँक सुरू झाली. आधी रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता, कारण अर्ज करणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा तोंडी हिशोब करून दाखवायची तयारी ठेवून गेल्या. तुम्ही तर आकड्यांचं पत्रच लिहिलंय.

तिसरी शक्यता मला सगळ्यात जवळची वाटते. तुम्हाला महिन्याला अडीच क्विंटलच्या वर ज्वारी लागते आणि तुम्ही ती आठवड्याला किराणा दुकानातून घेता. मंगळवेढ्याची मालदांडी फेब्रुवारी-मार्चच्या सुगीत थेट शेतकऱ्याकडून घेतलीत तर क्विंटलमागे किती वाचतील? पावसाळ्यातला भाव आणि सुगीतला भाव तुम्ही माझ्यापेक्षा चांगला जाणता, वहीच्या मागच्या पानावर मांडा. साठवायला कोरडी जागा आणि कडुनिंबाचा पाला, एवढंच लागतं. फायदा दिसला, तर तुम्हाला हवं ते कर्ज २०-२५ हजारांचं आणि सहा-आठ महिन्यांचं आहे. ८० हजारांचं आणि दोन वर्षांचं नाही. खेळत्या भांडवलाला छोटं आणि लवकर फिटणारं कर्जच शोभतं.

तुम्ही विचारलंय की दुसऱ्या कंपनीचा माणूस "आमच्याकडे फक्त १२ टक्के" म्हणतो, तिकडे जाऊ का. त्याला एवढंच विचारा: हे १२ टक्के मुद्दल कमी होत जाईल तसे लागतात, की शेवटपर्यंत पूर्ण ५० हजारांवर? पूर्ण रकमेवर लागत असतील तर दोन वर्षांचं व्याज होतं १२ हजार, हप्ता २,५८३. तुमच्या २४ टक्क्यांच्या कर्जाचा हप्ता २,६४४. बारा आणि चोवीस यांत महिन्याला फरक किती, तर साठ रुपयांचा. टक्क्यांवर जाऊच नका. हातात किती पडणार, महिन्याला किती जाणार, किती महिने जाणार, हे तीन आकडे मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे फी धरून खरा वार्षिक दर काय पडतो, हे लिहिलेलं पत्रक कंपनीने तुम्हाला कळणाऱ्या भाषेत द्यायलाच हवं. ते हातात आल्याशिवाय सही नाही.

आता जाऊबाई. पत्राच्या शेवटी तुम्ही त्यांचं लिहिलंय, पण तुमची झोप त्यापायीच उडाली आहे, हे दिसतं.

तुम्ही धरून चाललात की नाही म्हटलं तर नातं तुटेल. उलट बाजूने बघा. हो म्हटलंत, तर दर महिन्याच्या हप्त्याच्या दिवशी तुम्ही त्यांच्याकडे पैसे मागायला जाणार. पहिले चार महिने मिळतील. पाचव्या महिन्यात त्यांच्याकडे लग्न निघेल किंवा कुणी आजारी पडेल. तुम्ही मागाल, त्यांना लाज वाटेल, लाजेतून राग येईल. एका स्वयंपाकघरात दोन वर्षं वसुली करायची, ताई, ते तुम्हाला झेपणार नाही आणि त्यांनाही नाही. बँकेत असताना कितीतरी सख्ख्या भावंडांना मी एकाच बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसलेलं पाहिलंय. बहुतेक वेळा कारण हेच असायचं, कर्ज एकाच्या नावावर आणि पैसा दुसऱ्याच्या हातात.

कागदावर जावेचं नाव कुठेच नसेल. सगळे ८० हजार तुमचे. ही नोंद क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कुणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे जाते, आणि उद्या तुम्हाला खरंच मशीनला कर्ज हवं असेल तेव्हा बँकेचा साहेब पहिल्यांदा तेच उघडून बघतो.

त्यांना काय सांगाल? "सरांनी नाही म्हटलं" अशी सबब सांगू नका. सर उद्या दारात येऊन "मी तर द्यायला तयार आहे" म्हणतील. सरळ सांगा: "वहिनी, मी हिशोब मांडला. मोठं कर्ज माझ्याच धंद्याला झेपत नाही, म्हणून मीच काढत नाहीये." हे खरंही आहे, आणि त्यात त्यांच्यावर अविश्वास नाही. मग विचारा की पैसे कशाला हवेत. दवाखाना असेल तर सरकारी योजनेत बसतं का ते दोघी मिळून बघा. जुने हप्ते थकले म्हणून असतील, तर नव्या कर्जाने ते मिटणार नाहीत, लांबतील. स्वतःच्या नावावर कर्ज का मिळत नाही हेही कळायला हवं. क्रेडिट ब्युरोचा आपला अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. जावेचा काढा, तुमचाही काढा. आपल्या नावावर आपण न घेतलेलं कर्ज निघालेलंही मी पाहिलंय.

आणखी एक गैरसमज तुमच्या पत्रात आहे, तो गावोगाव आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तुम्ही या गटाला सगळीकडे 'बचत गट' म्हटलंय. ताई, हा बचत गट नाही. यात तुमची एक रुपयाची बचत नाही. पाच जणींनी एकमेकींना जामीन राहायचं, एवढाच हा गट. खऱ्या बचत गटात दहा-वीस बायका महिन्याला शंभर-दोनशे टाकतात, त्यातूनच एकमेकींना देतात, व्याज गटातच राहतं, आणि पुढे बँक गटाला कर्ज देते. नाबार्डने १९९२ पासून ही वाट पाडली. आपल्याकडे राज्य सरकारचं 'उमेद' अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे 'माविम', हे काम करतात. अशा महिला गटांना ३ लाखांपर्यंतचं बँक कर्ज ७ टक्क्यांनी मिळण्याची सोय आहे. तुमच्या २४ शेजारी हे ७ लिहून बघा. ग्रामपंचायतीत 'उमेद'च्या समूह संसाधन व्यक्तीची, म्हणजे सीआरपी ताईची चौकशी करा, ती तुमच्याच गावातली असेल. गट सुरू होऊन बँकेपर्यंत पोचायला काही महिने लागतात, आज अर्ज आणि उद्या पैसे असं तिथे होत नाही. पण तुमचं चालू कर्ज फिटायला दहा महिने आहेतच.

मशीनचंच ठरलं, तर मुद्रा योजनेतलं 'शिशु' कर्ज ५० हजारांपर्यंत असतं, तारण लागत नाही. छोट्या धंद्याची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट होते, अन्न परवान्याची नोंदणी करून घ्या, मशीनचं कोटेशन आणि तुमची ती वही घेऊन शाखेत जा. पहिल्या खेपेला "उद्या या" म्हणतील. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पोच मागणाऱ्या बाईला टोलवणं अवघड असतं, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगते आहे. खाद्यप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची ३५ टक्के अनुदानाची योजनाही आहे. तिचे अर्ज सध्या घेतात का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा.

राहिलं ते रात्री आठपर्यंत बसवून ठेवणं. ते वाचून मला संताप आला. गावाला वाटतं हप्ता थकला की असं होणारच. होता कामा नये. २०१० साली आंध्रात वसुलीच्या जाचातून आत्महत्या झाल्या, राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. त्या सगळ्यातून शिकत आजचे नियम आले. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेले रिझर्व्ह बँकेचे नियम म्हणतात की सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी तगादा लावायचा नाही, शिवीगाळ-धमकी नाही, नातेवाइकांना त्रास नाही, थकबाकीदारांची नावं जाहीर करायची नाहीत. ठरलेल्या जागी तुम्ही लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आला नाहीत, तरच घरी येता येतं. उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. तुमच्या घराची ही मर्यादा साडेनऊ हजारांच्या आसपास येते, म्हणून सर बिनदिक्कत ८० हजार देऊ करतात. पण ती द्यायची कमाल मर्यादा आहे. तुमच्या घराला काय पेलतं, ते त्या निम्म्यात दिसत नाही.

पुन्हा बसवून ठेवलं, तर तारीख, वेळ आणि कोण होतं ते तिथेच वहीत लिहा, चौघींनी सह्या करा. लोन कार्डावर तक्रारीचा नंबर असतो, तिथे तक्रार करून तिचा क्रमांक मागा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. एकट्या करू नका, चौघी मिळून करा. गेलेल्या बाईच्या हप्त्याबद्दल कंपनीला लेखी विचारा: आम्ही भरलेले पैसे कुणाच्या खात्यात, कुणाच्या नावाने जमा झाले? पावत्या द्या. पावती नसेल तर तिच्या हप्त्यापोटी पुढचा रुपया देऊ नका. आणि त्या बाईला फोन करून बघा. ती का गेली, हे चौघींपैकी कुणी तिला विचारलंय का, ते पत्रात नाही.

हप्ते बंद करा, पुढे माफी होईल, असं सांगणारे तुमच्याकडेही येतील. त्यांचं ऐकू नका. तुमचे दहा हप्ते आजवर भरलेत तसेच भरा. फक्त ते भाकरी-चटणीतून भरले जातील असं बघा, पगारातून नव्हे.

सेंटरची मीटिंग येत्या शुक्रवारी आहे म्हणता. सरांना सांगा की नवीन कर्ज आत्ता नको, फॉर्मवर अंगठा-सही काही करू नका, आधार कार्डाची झेरॉक्स देऊ नका. जावेशी मात्र शुक्रवारच्या आधी बोला, गुरुवारी दुपारी भाकरी वाळत घातल्यावर, दोघीच असताना. चार आठवड्यांनी वहीची ती दोन पानं मला पाठवा. चटणीच्या बाजूला काय निघतंय, याची मला खरंच उत्सुकता आहे.